काकांच्या आरएक्सला ग्राइंडर लावू नकोस

पत्र इचलकरंजीहून आलंय. लिहिणारा २२ वर्षांचा आहे, यंत्रमागावर जॉबरचं, म्हणजे माग जुळवायचं-दुरुस्त करायचं काम करतो. पत्र थोडक्यात असं:

"दादा, आमच्या काकांची १९९३ ची यामाहा आरएक्स १०० सहा वर्षं गोठ्यात झाकून ठेवलीय. काका म्हणाले, घेऊन जा. मला तिची रेस बाईक करायचीय. ८० हजार साठवलेत. गॅरेजवाला म्हणतो सिलिंडरची भोकं घासून पोर्टिंग करू, एक्स्पान्शन चेंबर म्हणजे रेसचा सायलेन्सर टाकू, मोठा कार्बोरेटर लावू, मागची फ्रेम कापून सिंगल सीट करू, ६० हजारात गाडी उडायला लागेल. सुरुवात कशापासून करू? आणि आई नको म्हणतेय, तिला काय सांगू?"

भावा, पत्र दोनदा वाचलं आणि पहिली गोष्ट ही खटकली की गॅरेजवाल्याच्या त्या ६० हजारात ब्रेकचं नाव नाही, टायरचं नाही, हेल्मेट-ग्लोव्हजचं तर नाहीच नाही. सगळा पैसा गाडी पळवायला आणि थांबवायला एक रुपया नाही. म्हणून सरळ सांगतो, रेस बाईक जरूर कर, ८० हजारात शिकण्यापुरती चांगली गाडी उभी राहते, पण ती काकांच्या आरएक्समधून करू नकोस.

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीला टेकलीय. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभरेक किलो, आणि ती टू-स्ट्रोकची उचल, ती काय असते हे मला वेगळं सांगायला नको, मी त्याच आवाजावर लहानाचा मोठा झालोय. पण दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, १८ इंची बारीक टायर आहेत, फोर्क, म्हणजे पुढचे शॉकअप, सडपातळ आहेत, आणि हे काही गाडीचे दोष नाहीत, ती रोज कामावर जायची गाडी म्हणून बनली आणि त्या कामाला ती एक नंबर होती. तिला सर्किटवर न्यायचं म्हणजे पुढचे फोर्क, चाक, ब्रेक दुसऱ्या गाडीचे आणायचे, मागचं चाक धरणारा स्विंगआर्म बदलायचा, मग फ्रेम कापायची, आणि एवढं झाल्यावर काकांच्या गाडीतलं उरणार काय तर टाकी आणि आरसी. ओरिजिनल सिलिंडर, ओरिजिनल क्रँक शोधायला लोक आज गावोगाव फिरतात आणि तुझ्या गोठ्यात सगळं जागच्या जागी आहे. एकदा फ्रेमला ग्राइंडर लागला की परत जोडता येत नाही रे.

आता ब्रेकचा हिशोब कागदावर करून बघ. गाडी १०० च्या स्पीडला असताना चांगले टायर, चांगला डिस्क ब्रेक आणि शिकलेला हात असेल तर साधारण ५० मीटरमध्ये थांबते. तीच गाडी ब्रेक तापून ढिले पडलेले, टायर कडक झालेले, अशी असेल तर ८० मीटरच्या आसपास लागतात. फरक ३० मीटरचा. रेसमध्ये प्रत्येक वळणाआधी हा ३० मीटर तुझ्या बाजूने असतो किंवा तुझ्या विरोधात, आणि पोर्टिंग करून वाढलेली दोन-तीन हॉर्सपॉवर तो कधीच भरून काढत नाही. दोन वळणांमध्ये तुझी गाडी पुढं जाईल आणि वळण आलं की कंपनीतून आली तशी साधी स्टॉक गाडी आतून निघून जाईल, मी हे बघितलंय, एकदा नाही, दर वेळी बघितलंय.

पोर्टिंगबद्दल पण सांगतो कारण तुझ्या डोक्यात ते बसलंय. टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे हेडमधले व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि बंद करतो, त्यामुळं एक्झॉस्टचं भोक वरून दीड-दोन मिमी घासलं की ते लवकर उघडतं, ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते आणि खालची ओढ जाते. मग सायलेन्सर त्याच्या जोडीचा लागतो, चेंबरची लांबी चुकली की सगळं मुसळ केरात. मग कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, मोठा लागतो, इग्निशनचं टायमिंग बघावं लागतं, हेडचं माप बघावं लागतं. एकाला हात लावला की चार गोष्टी बदलतात, आणि गॅरेजमध्ये बहुतेक वेळा होतं काय तर घासणी होते, बाकीचं राहतं. आणि रीबोरचंही, म्हणजे सिलिंडर आतून मोठं करण्याचंही बघ, आरएक्सचा बोर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) दोन्ही ५० मिमी, त्यातून ९८ सीसी निघतात, एक मिमी ओव्हरसाइझ पिस्टन टाकला की झाले १०२, आता रेसचा क्लास १०० पर्यंतचा असेल तर सूट आहे का नाही हे नियमांत वाचल्याशिवाय पिस्टन घ्यायचा नसतो.

माझं स्वतःचं सांगतो. मी पण आरएक्सचं पोर्टिंग करून घेतलं होतं, कुणाकडे ते जाऊ दे. पहिल्या दिवशी गाडी अशी पळाली की मी हेल्मेटमध्ये ओरडत होतो. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर सरावात, लांब सरळ पट्ट्यात, फुल थ्रॉटल, आणि इंजिन जाम झालं. मागचं चाक एकदम लॉक. टू-स्ट्रोकवाले दोन बोटं कायम क्लचवर ठेवतात ते याचसाठी, माझी नव्हती. कॉलरबोन मोडलं. नंतर सिलिंडर उघडलं तर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला ॲल्युमिनियम वितळून उभं फासलं गेलं होतं, लोणी सुरीने फासावं तसं, आणि प्लगचं टोक पांढरंफटक. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. जेट जुनाच होता. एका छोट्या पितळी जेटसाठी ते सगळं झालं. बरोबर चालणाऱ्या इंजिनचा प्लग विटकरी-चॉकलेटी दिसतो, काळा ओला दिसला तर पेट्रोल जास्त जातंय, आणि हे बघायचं कसं तर फुल थ्रॉटलवर असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करायचं, गाडी घरंगळत बाजूला घ्यायची आणि तिथंच प्लग काढायचा. आयडलवर चालवत पिटपर्यंत, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्यांचं काम करतात तिथपर्यंत, आणलास तर प्लग तुला खोटं सांगतो.

मग घ्यायचं काय. माझं मत जुनी यामाहा आर१५, २००८ ला आली ती पहिली. १४९.८ सीसी, १७ हॉर्सपॉवर, लिक्विड कूल्ड, सहा गिअर, फ्यूएल इंजेक्शन, आणि मुख्य म्हणजे फ्रेम आणि सस्पेन्शन मुळात वळायला बनवलेलं आहे, तुला वेगळं काही जोडावं लागत नाही. ती जमली नाही तर जुनी अपाचे आरटीआर १६०, पुढं २७० मिमीची डिस्क आहे, इंजिन दणकट, पार्ट कुठंही मिळतो. आर१५ मध्ये फुटक्या फेअरिंगची, म्हणजे बाहेरचं प्लास्टिक फुटलेली शोध. हेडलाईट गेला, पॅनेल तुटली, रंग उडाला, अशा गाडीला रस्त्यावरचं गिऱ्हाईक भाव देत नाही आणि तुला तर ते सगळं काढूनच टाकायचंय. मात्र कागद स्वच्छ पाहिजेत, इंजिन नंबर चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळव, "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याच्या दारात पाणीसुद्धा पिऊ नकोस.

पडलेली गाडी घेताना फ्रेम सरळ आहे का हे बघायला मशीन लागत नाही, दोरी लागते. तू मागावर काम करतोस, ताणलेला धागा काय सांगतो ते तुला मी काय सांगू. गाडी स्टँडवर सरळ उभी कर, हँडल सरळ. सुताची लांब दोरी मागच्या टायरला मागून वेढा घालून दोन्ही बाजूंनी पुढं आण, ॲक्सलच्या खालून जाईल एवढ्या उंचीवर, आणि दोन्ही टोकं पुढच्या चाकाच्या पुढं दोन विटांना बांध. आता दोरी हळूहळू आत घे, मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती टेकली पाहिजे, दाबली नाही पाहिजे. मागचा टायर पुढच्यापेक्षा रुंद असतो म्हणून पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगाला फट राहते. पहिल्या आर१५ ला पुढं ८० मिमीचा आणि मागं १०० मिमीचा टायर, म्हणजे दोन्हीकडं साधारण दहा-दहा मिमी फट आली पाहिजे. डावीकडं चार आणि उजवीकडं सोळा आली तर आधी चेनचे ॲडजस्टर दोन्ही बाजूंना सारखे आहेत का बघ, सारखे करून परत दोरी लाव, तरी तेच आलं तर गाडी वाकलीय, हात जोड आणि निघ. मग पुढचं चाक उचलून हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडं फिरव, मधोमध बारीक खटका लागला तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेलेत, ते स्वस्तातलं काम आहे, त्यावरून भाव पाड.

गाडी आली की पैसा या क्रमाने जाऊ दे. सगळ्यात आधी अंगावरचं: फुल फेस हेल्मेट डबल डी रिंगचं (पट्टा दोन कड्यांतून ओवून आवळायचा), लेदर सूट, बॅक प्रोटेक्टर, घोट्यावरून जाणारे बूट, मनगट झाकणारे ग्लोव्हज. सूट सेकंडहँड घेतलास तरी चालेल पण शिवण बघून घे, हेल्मेट मात्र कधीच वापरलेलं नको, आतून मार खाल्लेलं वरून कळत नाही. हे घेताना गाडी घेऊन उरलेल्यातला मोठा हिस्सा जाईल आणि तुला वाटेल गाडीला काय राहिलं, तर राहू दे, गाडी पुढच्या वर्षीही बदलता येते.

मग टायर. डिझाईन किती शिल्लक आहे यावर जाऊ नकोस, बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, जुना टायर दिसायला नवा असला तरी रबर लाकूड झालेलं असतं. चांगल्या कंपनीचा मऊ रबराचा टायर घे, हवा मोजायचं मीटर स्वतःचं ठेव, पंपावरच्यावर भरवसा नको.

मग ब्रेक. जुनं ब्रेक फ्लुइड सगळं काढून टाक आणि नवं सीलबंद डॉट ४ भर, हे फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तापलं की ते पाणी उकळतं, मग लिव्हर हँडलला टेकते आणि गाडी थांबत नाही. कॅलिपर उघडून पिस्टन साफ कर, सील बदल, चांगले पॅड घाल, जमलं तर स्टीलच्या जाळीची ब्रेक लाईन टाक.

फोर्कचं तेल आणि ऑइल सील बदल. फोर्क फार मऊ वाटले तर स्प्रिंगच्या वर पीव्हीसी पाईपचा तुकडा कापून घालतात, दहा-पंधरा मिमीचा, दोन्हीकडं मापाला मापलेला, आणि मग तू हेल्मेट-सूट सगळं अंगावर घालून बसल्यावर पुढचं किती दबतं ते मोज, ३० मिमीच्या आसपास आलं की सुरुवातीला ठीक. हे सगळं तू घरी करू शकतोस, तुझ्या हातात ते आहे. फूटपेग थोडे वर आणि मागे घ्यायला रिअरसेटच्या प्लेटा लागतील, त्या ऑनलाईन महाग मागवू नकोस, पुठ्ठ्याचा नमुना काप, बसवून बघ, आणि कोल्हापूरला शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ॲल्युमिनियमच्या प्लेटमधून करून घे, देशभराचे कास्टिंग जिथून जातात तिथं दोन प्लेटा म्हणजे चहा पिईपर्यंतचं काम. टोकं गोल ठेव फक्त, पडल्यावर टोकदार काही नको.

वजन कमी करायला आरसे, इंडिकेटर, हेडलाईट, साइड स्टँड, मागचं मडगार्ड, पिलियनचे पेग, सगळं काढ आणि पिशवीत लेबल लावून ठेव. फ्रेमला भोकं पाडायची नाहीत, कुणी सांगितलं तरी नाही. आणि एक गोष्ट, ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिलर कॅप, ऑइल फिल्टरच्या झाकणाचे बोल्ट यांना बारीक भोक पाडून स्टीलची तार पिळून बांधायची, तार अशी ओढलेली की बोल्ट सुटायला लागला तर तार त्याला आवळेल. कूलंट काढून रेडिएटरमध्ये साधं डिस्टिल्ड वॉटर घाल, ट्रॅकवर सांडलेलं कूलंट लवकर वाळत नाही आणि मागून येणारा त्याच्यावरून घसरतो. तुझी गाडी दुसऱ्याला पाडणार नाही ही जबाबदारी तुझी आहे.

इंजिनला काय करायचं तर सर्व्हिस. ऑइल, फिल्टर, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, क्लच प्लेट, नवा प्लग, बास. स्पीड हवा असेल तर स्प्रॉकेट बदल, त्यासारखं स्वस्त ट्यूनिंग नाही. समजा पुढं १४ दात आणि मागं ४० आहेत, पुढचा १३ केलास तर मागं ४३ केल्याएवढाच फरक पडतो, ओढ वाढते, टॉप स्पीड कमी होतो. छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकला तेच पाहिजे असतं.

आता चालवायचं कुठं. बायपासला रात्री टेस्ट मारायची नाही, हे मी हात जोडून सांगतोय. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ त्यासाठीच आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलास तर वर्षभरापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण मला दंडाची काळजी नाही, समोरून लाईट न लावता येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरची काळजी आहे. आरसे-लाईट काढलेली गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, छोटा हत्ती कर आणि त्यात घालून ने.

बाईक रेसचं मोठं पक्कं सर्किट आपल्या जवळ नाही हे खरं दुःख आहे. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किमीचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किमीचा, दोन्ही इथून हजार किलोमीटरच्या आसपास, जाऊन येऊनच खिसा रिकामा. म्हणून पहिलं वर्ष असं काढ: कोल्हापूर, पुणे, नाशिककडं डर्ट ट्रॅकच्या रेस होतात, तिथं आधी चालवायला नाही, मदतीला जा. कुणाच्या तरी पिटमध्ये पाने उचल, टायर बदल, मार्शल लागतात तिथं नाव दे. एका दिवसात गाडीबद्दल जे कळतं ते सहा महिने व्हिडिओ बघून कळत नाही. मग एफएमएससीआय, म्हणजे आपल्या देशातली मोटरस्पोर्टची अधिकृत संघटना, तिचं लायसन्स काढ, मेडिकल लागतं, आणि ज्या क्लासमध्ये उतरायचंय त्याचे नियम गाडी विकत घ्यायच्या आधी वाच, गाडी बांधून झाल्यावर नाही. आणि वन-मेक रेस म्हणून असतात, त्यात सगळ्यांना एकसारखी गाडी कंपनीच तयार करून देते, तू फक्त निवड चाचणी आणि एन्ट्री फी बघायची. हात बसला की तिथंही अर्ज कर, पैसेवाल्या पोराएवढीच गाडी तुझ्या बुडाखाली असेल.

आईचं. तिला खोटं सांगू नकोस आणि "काही होत नाही" तर अजिबात म्हणू नकोस, कारण होतं. गाडीचा नेहमीचा इन्शुरन्स रेसमध्ये चालत नाही, अपघाताची वेगळी पॉलिसी घेशील तेव्हा मोटरस्पोर्ट धरतात का ते लेखी विचार, आणि ते उत्तर आईला दाखव. पहिली रेस बघायला जाशील तेव्हा तिला आणि काकांना सोबत ने. तिथं ॲम्ब्युलन्स उभी असते, डॉक्टर असतो, झेंडा दाखवला की सगळे स्लो होतात, गाडी तपासल्याशिवाय आत सोडत नाहीत. तिच्या डोळ्यासमोर आत्ता हायवेवर कट मारणारी पोरं आहेत, तिला हे बघू दे. माझी आई पहिल्या वेळी दिवसभर कुंपणाला धरून उभी होती, एक शब्द बोलली नाही, घरी आल्यावर म्हणाली ग्लोव्हजची शिवण उसवलीय, दे इकडं.

आणि काकांची आरएक्स. या रविवारी टाकीतलं सहा वर्षांचं पेट्रोल काढून टाक, कार्बोरेटर उघड, आत डिंकासारखं साचलेलं असेल ते साफ कर, प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल घाल आणि किक हाताने हळूहळू दाब, जोर लावू नकोस, पिस्टन मोकळा फिरतो का बघ. फिरला तर ऑइल टँक साफ करून नवं ऑइल भर, पंपातली हवा काढ, पंप तेल सोडतोय याची खात्री झाल्याशिवाय स्टार्ट करू नकोस, आणि पहिली किक काकांना मारू दे. आर१५ किंवा अपाचे बघायला जाशील तेव्हा दोरी आणि दोन विटा घेऊन जा, डावी-उजवी फट किती आली ते दोन आकडे मला कळव, सौदा त्याच्यानंतर कर.